टायमिंग बेल्ट: डोळ्यांनी तपासून भागत नाही

संपादक महोदय,

टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनातल्या पिस्टन आणि व्हॉल्व्हची हालचाल एकमेकांशी जुळवून ठेवणारा दातेरी रबरी पट्टा. मिनीव्हॅनचा हा बेल्ट कधी बदलायचा, असे विचारले की दोन ठरलेली उत्तरे मिळतात: ‘लाखाला बदला’ आणि ‘कव्हर उघडून बघू, चांगला असेल तर चालू द्या’. पहिले उत्तर अर्धवट आहे, दुसरे धोक्याचे. म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी इंजिनाला बेल्ट आहे की चेन, ते पक्के करावे. गाडीच्या नावावरून ते कळत नाही. अमेरिकेत विकल्या गेलेल्या होंडा ओडिसीला १९९९ च्या मॉडेलपासून ३.५ लिटर व्ही-६ इंजिन आहे आणि त्याला बेल्टच आहे. टोयोटा सिएनाला २००६ च्या मॉडेलपर्यंत बेल्ट होता, २००७ पासून चेन आली. किया सेडोनाच्या सुरुवातीच्या (२००५ पर्यंतच्या) ३.५ लिटर इंजिनाला बेल्ट, नंतरच्या ३.८ लिटरला चेन. डॉज कॅराव्हॅनच्या ३.० लिटर व्ही-६ ला बेल्ट, तर ३.३ लिटरला चेन. जुन्या इनोव्हाच्या २.५ लिटर डिझेलला बेल्ट आणि क्रिस्टाच्या २.४ लिटर डिझेलला चेन.

आता आकडे. २००४ पर्यंतच्या ओडिसीच्या व्ही-६ साठी कंपनीची मुदत १,०५,००० मैल, म्हणजे १,६८,००० किमी, किंवा ७ वर्षे. जे आधी येईल ते. हीच गाडी सतत ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उन्हात किंवा उणे २९ च्या खालच्या थंडीत चालत असेल, तर मुदत ६०,००० मैलांवर येते. बेल्टवाल्या सिएनासाठी ९०,००० मैल, बेल्टवाल्या सेडोनासाठी ६०,००० मैल, म्हणजे जेमतेम ९६,००० किमी. तेव्हा ‘लाखाला’ हा ठोकताळा एका गाडीसाठी बराच लवकरचा आणि दुसरीसाठी उशिराचा ठरतो. २००५ नंतरच्या ओडिसीत डॅशबोर्डवर सर्व्हिसच्या सूचनेबरोबर ४ हा उपअंक दिसला की बेल्टची वेळ झाली असे समजायचे. पण कमी धावणाऱ्या गाडीत तो अंक ७ वर्षे उलटली तरी उमटत नाही. तिथे कॅलेंडरच बघावे लागते.

वर्षांची अट लोकांना पटत नाही, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. कव्हरआडच्या उष्णतेने रबर कडक होत जाते, मग गाडी धावो वा न धावो. शिवाय मुलांची वाट पाहत किंवा एसी लावून तासन् तास उभ्या राहणाऱ्या मिनीव्हॅनचे इंजिन फिरत असते, किलोमीटर मात्र वाढत नाहीत.

‘उघडून बघू’ याला माझा सर्वांत मोठा आक्षेप. जुन्या बेल्टवर मुदत संपत आली की भेगा दिसत, धागे सुटत. हल्लीचे बेल्ट एचएनबीआर जातीच्या रबराचे असतात. ते झिजतात, आतली काचतंतूंची दोरी थकते, तरी पाठ बहुधा गुळगुळीतच राहते. भेगा दिसल्या तर बेल्ट ताबडतोब बदला. पण दिसल्या नाहीत म्हणून तो ठीक आहे, असे म्हणता येत नाही. कव्हर उघडून पाहण्यासारखे एवढेच: बेल्टवर तेल किंवा कूलंट आले आहे का, कडा एका बाजूने कुरतडली आहे का, दात मुळाशी चिरलेत का. यातले एकही दिसले तर मुदत शिल्लक असूनही बेल्ट बदलावाच लागतो, आणि गळतीचे मूळ शोधल्याशिवाय नवा घालायचा नसतो.

बेल्ट तुटला तर काय होते, तेही सांगतो. ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेरे) क्रँक, म्हणजे पिस्टनांनी फिरणारा दांडा, सेकंदाला ५० फेरे घेतो; कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, त्याच्या निम्मे, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. बेल्ट तुटला की कॅम जागीच थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडे राहतात आणि पिस्टन वर येतच राहतो. ओडिसीच्या व्ही-६ सारख्या इंजिनात दोघांना एकाच वेळी जागा नसते. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावे लागते, कधी पिस्टनवरही घाव पडतो.

पुष्कळदा मूळ दोष बेल्टचा नसतोच. आयडलरचे (बेल्टला वाट दाखवणाऱ्या मोकळ्या पुलीचे) बेअरिंग जाम होते, वॉटर पंप डुगडुगतो, ताण देणाऱ्या पुलीला रेटणाऱ्या हायड्रॉलिक टेन्शनरमधून तेल गळून ताण सुटतो. थंड इंजिन सुरू करताच बेल्टच्या बाजूने काही क्षण खडखड आली, तर संशय आधी टेन्शनरवर घ्यावा. म्हणून नुसता बेल्ट बदलणे ही खोटी काटकसर आहे. बेल्ट, टेन्शनर, आयडलर, ताण देणारी पुली, गॅस्केटसह वॉटर पंप आणि नवे कूलंट एकदमच घ्यावे. क्रँक-कॅमचे सील ओलसर दिसले तर तेही. ओडिसीत वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो. तो पुढे गळला, तर पुन्हा तेवढीच खोलाखोल.

कामात चुका कुठे होतात? क्रँक पुलीचा बोल्ट बेदम घट्ट असतो. पुली धरायला ५० मिमीचे षट्कोनी होल्डर लागते. सेल्फ मारून बोल्ट सोडवण्याची युक्ती करू नये. बोल्ट परत बसवताना जुन्या ओडिसीत तो २४५ न्यूटन-मीटरने आवळायचा, नंतरच्यांत ६४ न्यूटन-मीटरने आणि मग आणखी ६० अंश फिरवून. गाडीच्या वर्षाचे मॅन्युअल बघूनच पाना लावावा. इंजिनाचे साइड माउंटिंग काढण्याआधी ऑइल पॅनखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावावा, नाहीतर पॅन चेपतो.

क्रँक आणि दोन्ही कॅमच्या खुणा जुळवल्यावरच जुना बेल्ट काढायचा. मागच्या कॅमवर व्हॉल्व्ह स्प्रिंगचा जोर असतो, त्यामुळे तो झटकन उडी मारतो. घाबरू नये, हळूच खुणेवर परत आणावा. होंडाच्या पद्धतीत बॅटरीच्या क्लॅम्पचा लांब बोल्ट टोकाला घासून, ताण देणारी पुली जागी धरायला वापरतात. तो नुसत्या हाताने घट्ट करायचा. नवा बेल्ट क्रँक, आयडलर, पुढचा कॅम, वॉटर पंप, मागचा कॅम आणि शेवटी ताण देणारी पुली या क्रमाने चढतो. तो दुमडू नये, पिळू नये, पान्याने उचकटून बसवू नये. आतले काचतंतू तुटले तर बाहेरून काहीच दिसत नाही. नव्या टेन्शनरची पिन बेल्ट पूर्ण बसल्यावर काढायची आणि तो बॅटरीचा बोल्टही आठवणीने काढायचा.

मग क्रँक हाताने, पान्याने, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सहा फेरे फिरवून तिन्ही खुणा पुन्हा जुळतात का ते पाहायचे. मध्ये कडक अडथळा लागला तर जोर न लावता थांबायचे. तिथे व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला असेल. एक दात चुकला तरी गाडी सुरू होते, पण थरथरते, ओढत नाही, चेक इंजिनचा दिवा लागतो.

आपल्या छोट्या जाहिरातींत ‘कमी रनिंग’ हे शब्द ठळक छापले जातात. १२ वर्षे जुन्या, ६०,००० किमी धावलेल्या ओडिसीचा मूळ बेल्ट तसाच असेल, तर ७ वर्षांच्या हिशेबाने त्याची मुदत ५ वर्षांपूर्वीच संपली आहे. बेल्ट कोणत्या तारखेला आणि किती किलोमीटरवर बदलला, हे जाहिरातदारांकडून लिहून घ्यायला सुरुवात करावी, ही आपणास विनंती. विकत घेणाऱ्यानेही बिलावर टेन्शनर आणि वॉटर पंपाची नावे आहेत का ते पाहावे. बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही असे धरून किमतीची बोलणी करावीत.

आपला,
एक वाहन दुरुस्ती तंत्रज्ञ