वाड्याच्या सागवानातून युकुलेले

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

युकुलेले (गिटारसारखे दिसणारे चार तारांचे छोटे वाद्य) शिकू पाहणाऱ्या मुलांच्या पालकांकडून ‘चांगले वाद्य परवडत नाही आणि स्वस्तातले सुरात राहत नाही’ ही तक्रार वारंवार ऐकू येते. हे वाद्य हाताने घडवता येते आणि त्यासाठी लागणारे लाकूड नागपुरातच मिळते, याकडे आपल्या पत्राद्वारे लक्ष वेधू इच्छितो.

१८७९ साली मदेरा बेटावरून हवाईत गेलेल्या पोर्तुगीज सुतारांनी मायदेशातल्या छोट्या तंतुवाद्याच्या धर्तीवर युकुलेले घडवले, ते तिथल्याच कोआ लाकडातून. असे असताना आपल्याकडील हौशी मंडळींनी परदेशी फळ्यांसाठी पैसे मोजावेत, हे मला तरी अनाकलनीय वाटते. महाल-इतवारी भागातला एखादा जुना वाडा पाडला, की दारांच्या चौकटी आणि कडीपाटाच्या फळ्या निघतात. हे सागवान वर्षानुवर्षे वाळलेले असल्याने सहसा वाकत नाही. मात्र आत राहिलेला एखादाही खिळा पात्याचा घात करतो, म्हणून फळी चिरायला नेण्यापूर्वी खिळे काढलेच पाहिजेत. सागवान तेलकट असल्याने जोडाची जागा स्पिरिटने पुसून लगेच डिंक लावावा. तबलीसाठी, म्हणजे वाद्याच्या दर्शनी पातळ फळीसाठी, शिवण झाडाचे हलके लाकूड मिळाल्यास उत्तम. ती रंध्याने सुमारे दोन मिलिमीटरपर्यंत उतरवावी. नायलॉनच्या चार तारांचा ताण बेताचाच असल्याने दांडीत लोखंडी सळई घालावी लागत नाही.

खरी कसोटी पडदे, म्हणजे दांडीवरच्या स्वरांच्या आडव्या पट्ट्या, बसवताना लागते. तारेची मोकळी लांबी ३४५ मिलिमीटर धरली, तर तिला १७.८१७ ने भागून पहिला पडदा सुमारे १९.४ मिलिमीटरवर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच संख्येने भागत गेले, की बारावा पडदा बरोबर मध्यावर, १७२.५ मिलिमीटरवर पडतो. प्रत्येक अंतर मात्र आधीच्या पडद्यापासून न मोजता दांडीच्या वरच्या टोकाला तारा जिथे टेकतात त्या पट्टीपासून मोजावे, अन्यथा बारीकसारीक चुका साठत जातात आणि वाद्य बेसूर होते. बाजारातली स्वस्त वाद्ये बहुधा इथेच मार खातात, लाकडात नव्हे.

आपल्या हवेचाही विचार करावा लागतो. पावसाळ्यात फुगलेल्या फळीला आतल्या आधाराच्या पट्ट्या चिकटवल्या, तर मे महिन्याच्या कोरड्या उन्हात ती आकसते आणि तडकते. त्यामुळे हे काम दिवाळीनंतर हाती घेतलेले बरे.

लाकूड, तारा, खुंट्या आणि पडद्यांची तार यांचा खर्च माझ्या अंदाजाने दीड-दोन हजारांत भागतो. न परवडणारी गोष्ट म्हणजे अवजारे आणि काम करायला जागा. दोन खोल्यांच्या घरात रंधा मारणार कुठे आणि जोड आवळायला शिकंजे आणणार कुठून? तेव्हा सुतारकामाचे वर्ग असलेल्या शाळांनी आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात आपली कार्यशाळा रविवारी सकाळी, माफक शुल्क घेऊन आणि एका निदेशकाच्या देखरेखीखाली नागरिकांसाठी खुली करावी. फळ्या चिरण्याचे यंत्रकाम निदेशकानेच करावे आणि मुलांच्या हाती रंधा, कानस व पॉलिश पेपर एवढेच द्यावे, म्हणजे सुरक्षिततेचा प्रश्नही उरणार नाही.

आपला,
एक हौशी वाद्यकारागीर, नागपूर