काकांचे घोडे

पुणे

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

खालच्या आळीतले काका तुला त्यांचे तीन घोडे रोज सकाळी फिरवायला सांगतायत, घोड्यामागे ५० रुपये देणार आहेत, असं काल आई म्हणाली. फोनवर बोललो असतो तर तू मध्येच रुसली असतीस, म्हणून लिहितोय.

तुला घोडा येतो, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. चार वर्षांची असताना माझ्यापुढे खोगिरावर बसून तू दस्तुरी नाक्यापासून बाजारापर्यंत आली होतीस. पण ती आपली घोडी. तिने कान पाडले की ते कंटाळ्याने की रागाने, हे तुला कळतं. काकांच्या घोड्यांपैकी खोगिराचा तंग आवळताना कोण चावतो, माकड दिसलं की कोण बाजूला उडी मारतो, हे तुला माहीत आहे का? त्यात हा पावसाळा. माथेरानला पर्यटक फारसे नाहीत, जनावरं दिवसचे दिवस दावणीला, आणि चंदीचा खुराक चालूच. असा घोडा बाहेर काढला की उधळायलाच बघतो. त्याला फिरवायला हवं, हे काकांचं म्हणणं खरं आहे. नुसता उभा राहिला तर पाय सुजतात, पोटशूळ उठतो. पण शेवाळलेल्या जांभ्या दगडावर आणि ओल्या पेव्हर ब्लॉकवर नाल कशी सरकते ते तू पाहिलंयस. तीनशे किलोचं जनावर तिथे घसरलं तर १३ वर्षांच्या पोरीने काय सावरायचं?

तुझ्याएवढा असताना मीही दुसऱ्यांचे घोडे फिरवायचो. एका सकाळी एक घोडा पुढच्या पायावर भार देत नाही असं मला वाटलं. पण आठवड्याचे पैसे मी आधीच उचलले होते. मालकाला ‘आज नको’ म्हणायची छाती झाली नाही. उतारावर तो गुडघ्यांवर पडला, माझा पाय रिकिबीत अडकला आणि दहा-बारा पावलं मी फरफटत गेलो. खांद्याचं दुखणं तेव्हाचं. घोडा मात्र पुन्हा कधी सरळ चालला नाही. तो दुखतोय हे मला कळलं होतं, सोनू. हे मी तुझ्या आईलाही कधी सांगितलेलं नाही.

मला तुझ्या बाबतीत याचीच भीती आहे. आपल्या घोडीला बरं नसेल तर तू तिला खुशाल दावणीला ठेवतेस. १५० रुपये रोज हातात पडायला लागले की पाऊस असो, ताप असो, परीक्षा असो, तू जाशील.

इथे रेसकोर्सवर पहाटे घोडे कामाला काढतात. आयुष्य घोड्यावर काढलेला माणूससुद्धा हेल्मेट आणि छातीला जाकीट घातल्याशिवाय वर बसत नाही. काकांनी तुला हेल्मेट देऊ केलंय का? तू पडलीस तर दवाखान्याचं कोण बघणार, घोडा लंगडला तर भरून कोण देणार? आईने विचारलं तर काका म्हणे, ‘आपलीच पोर आहे.’ हे उत्तर मला चालणार नाही. शिवाय १४ पुरी होईपर्यंत बाहेरच्या कोणालाही तुला कामाला ठेवता येत नाही, तसा कायदाच आहे.

तेव्हा पैसे घ्यायचे नाहीत आणि काकांच्या घोड्यांवर बसायचं नाही. शिकायला जायचं असेल तर जा. काका समोर असतील तेव्हा खरारा कर, नालबंद आला की तो खूर कसा तासतो ते बघ. तिघांच्या खोडी ओळखून ठेव आणि मला कळव. इथला रेसचा सीझन संपला की मी येतो. आधी मी ते घोडे फिरवून बघेन, मग तू बस, मी खाली उभा राहीन.

काकांना नकार मी कळवतो, ते ओझं तुझ्यावर नको. पैसे कशासाठी हवे होते ते मात्र लिही. आईला तू सांगितलं नाहीस म्हणे.

आणि घोडीच्या मागच्या उजव्या खुरात चिखल साचतो, तो रोज काढत जा.

तुझा,
बाबा