‘बंद’च्या ओळीपुढे पोटाचीही ओळ लिहा

महोदय,

पुन्हा करोनासारखी साथ आली तर सरकारने काय करावे, यावर वाचकांची पत्रे आपल्या अंकात वाचतो आहे. बहुतेकांना पहिल्या दिवसापासून कडक लॉकडाऊन हवा आहे. साथ खोटी होती असे मी कधीच म्हणणार नाही, माझा चुलता तिच्यात गेला. पण कराडात माझे तीन खुर्च्यांचे सलून आहे, तेव्हा खुर्चीमागून काय दिसले तेही छापावे.

मार्च २०२० मध्ये शटर ओढले ते उघडायला २८ जून उजाडला. तेव्हाही कटिंगला परवानगी, दाढीला नाही. दोन्हींना गिऱ्हाइकाचे तोंड माझ्यापासून तेवढ्याच अंतरावर असते, पण ते असो. मधल्या काळात गाळ्याचे भाडे चालूच होते. मग फोन येऊ लागले, “घरी येऊन कापून जा, कुणाला कळणार नाही.” फोन करणाऱ्यांत लॉकडाऊन अजून वाढवा म्हणणारे पगारदारही होते. आधी नाही म्हणालो. मे महिन्यात पिशवीत कात्री-मशीन घालून निघालो. दुकानात दार उघडे ठेवून एकेकाला घेतले असते. त्याऐवजी दिवसाला सहा-सात बंद घरांत शिरत होतो, आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांची डोकी त्याच मशीनने. बंदीने साथ थांबली की घरोघर फिरली, तुम्हीच सांगा.

एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा कुलूप. १३ तारखेच्या रात्री मुख्यमंत्र्यांनी परवानाधारक रिक्षावाले, नोंदणीकृत फेरीवाले, बांधकाम कामगार, घरेलू कामगार यांना प्रत्येकी दीड हजार रुपये जाहीर केले. चांगलेच केले. टीव्हीसमोर बसून आम्ही आमचे नाव येईल म्हणून शेवटपर्यंत ऐकले. आले नाही. दुकान बंद ठेवायच्या यादीत मात्र सलून न चुकता होते.

माझ्याकडे निदान शॉप ॲक्टचा कागद आहे. दोन कारागीर निम्म्यावर काम करतात, म्हणजे शंभराच्या कटिंगमागे पन्नास त्यांचे. त्यांची नोंद कुठल्याच दप्तरात नाही. त्यातला एक तेव्हा गावी गेला आणि वीटभट्टीवर लागला. हात हलका होता त्याचा, लहान पोरे त्याच्याकडेच बसायची. तो परत आला नाही.

म्हणून मागणी एवढीच. ज्या आदेशात ‘बंद’ लिहाल, त्याच आदेशात बंद पडणाऱ्याला किती आणि कधी मिळणार तेही लिहा. त्यासाठी खुर्चीवरच्या कारागिरांची नोंद आत्ताच, साथ नसताना, नगरपालिकेत सुरू करा. आमची दुकाने सोमवारी बंद असतात. कुठल्या खिडकीवर यायचे तेवढे कळवा, कारागिरांना घेऊन येतो.

– एक सलूनचालक, कराड (जि. सातारा)