‘मानुस’ म्हणजे हात

दहावीतली नात रोज वीस इंग्रजी शब्द घोकते. चौथ्या दिवशी पाटी कोरी. परवा तिला म्हटलं, लॅटिनमध्ये ‘मानुस’ (आपला माणूस नव्हे!) म्हणजे हात, एवढंच धर. मॅन्युअल, मॅनिक्युअर, मॅन्युस्क्रिप्ट आपसूक उलगडले. शेवटचं तर आपलं हस्तलिखितच. ‘मॅन्युफॅक्चर’ही मुळात हातानेच घडवणं, आता ते यंत्रं करतात. ‘अकिलीस हील’ला (म्हणजे बलवानाची एकमेव दुबळी जागा) मात्र व्युत्पत्ती पुरत नाही, गोष्टच सांगावी लागते: ग्रीक वीर अकिलीसला घाव लागू नये म्हणून आईने स्टिक्स नदीत बुडवलं, पण बुडवताना धरलेली टाच तेवढी कोरडी, म्हणून कच्ची राहिली. ‘म्हणजे दुर्योधनाची मांडी!’ नात म्हणाली. पाठ्यपुस्तकातल्या शब्दार्थांच्या यादीत अशा गोष्टींना दोन ओळी जागा द्यायला काय हरकत आहे?

– एक आजोबा, सातारा