बाबा, सगोत्र लग्नांचं काय?

लेस्टर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

रविवारी फोनवर बोलणं अर्ध्यावर तुटलं म्हणून लिहिते आहे. बाबा आणि मी एकाच वेळी बोलतो, आई मध्येच "जेवलीस का" विचारते, आणि मुद्दा कुठल्या कुठे जातो.

जे झालं ते मला कळलं ते असं. मधल्या आळीतल्या काकूंचा पुण्यातला भाचा त्याच्या मित्राशी लग्न करतोय. घरच्यांना विधी हवा आहे, म्हणून काकू बाबांना विचारायला आल्या. बाबांनी सांगितलं, माझ्या शास्त्रात बसत नाही, माझ्याकडून व्हायचं नाही. काकू चहा घेऊन गेल्या. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही. पण नंतर कुणीतरी निवेदन घेऊन आलं: सरकारने समलिंगी विवाहाला कधीच मान्यता देऊ नये, नाहीतर पुरोहितांना जबरदस्तीने ही लग्नं लावावी लागतील. त्यावर बाबांनी सही केली. माझं भांडण त्या सहीशी आहे.

बाबा, तुम्ही सगोत्र लग्न लावत नाही. "दोन्हीकडे भारद्वाज, दुसरे गुरुजी बघा," असं ओसरीवर बसून मुलीच्या वडिलांना सांगताना मी लहानपणी किती वेळा ऐकलंय. कायद्याने सगोत्र विवाह १९४६ पासून वैध आहे, म्हणजे तुमच्या मुंजीच्याही आधीपासून. इतक्या वर्षांत एकाने तरी तुम्हाला कोर्टात खेचलं? त्या लोकांनी दुसरे गुरुजी पाहिले, नाहीतर सरळ रजिस्ट्रारकडे गेले. त्यातल्या एका लग्नात तर तुम्ही जेवून आलात आणि दोन दिवस मठ्ठ्याची तारीफ करत होतात. तुमचा नकार शाबूत राहिला, त्यांचं लग्नही शाबूत राहिलं. सगोत्र विवाहाची सरकारने नोंदच करू नये, असं निवेदन तुम्ही कधी दिलं नाहीत. मग इथेच का?

इंग्लंडमध्ये काय चालतं ते मी रोज बघते, कारण इथल्या विवाह नोंदणी कचेरीत पगारच त्याचा घेते. इथे समलिंगी विवाहाचा कायदा २०१३ साली झाला आणि २९ मार्च २०१४ ला पहिली लग्नं लागली. तुमची भीती इथल्या पाद्र्यांनाही होती, म्हणून कायद्यातच चार कुलपं घातली. कोणत्याही धर्मसंस्थेवर किंवा तिच्या पुरोहितावर असं लग्न लावायची सक्ती नाही. संस्थेने आपणहून लेखी संमती दिल्याशिवाय तिथे असं लग्न लावताच येत नाही. आणि संस्था हो म्हणाली, तरी तिथला एखादा पुरोहित स्वतःपुरता नाही म्हणू शकतो. नकाराबद्दल भेदभावाचा दावा लावता येणार नाही, अशी दुरुस्ती समानतेच्या कायद्यात केली. चौथं कुलूप चर्च ऑफ इंग्लंडसाठी. ते सरकारमान्य चर्च, पॅरिशमधल्या, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या, रहिवाशाचं लग्न लावून देणं हे तिथल्या पाद्र्याचं कायद्याने कर्तव्य. म्हणून त्या कर्तव्यातून ही लग्नं वेगळी काढली. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी हो म्हटलं, त्यांच्याकडे होतात. इतरांनी नाही म्हटलं, त्यांच्याकडे होत नाहीत.

आमच्या कचेरीत तर उलटी शिस्त आहे. नोंदणी विवाहात धार्मिक काही चालत नाही. स्तोत्र नाही, बायबलमधला उतारा नाही. एका मराठी मुलीला मंगलाष्टकं लावायची होती, मला नाही म्हणावं लागलं. (बाबा, तुमच्याच मुलीने मंगलाष्टकांना बंदी केली, हे आळीत सांगू नका.) इथले गुजराती लोक सकाळी आमच्याकडे सह्या करतात आणि मग हॉलवर जाऊन फेरे घेतात. दोन्हीकडे त्यांचं समाधान होतं.

मागे दोन म्हातारे आले होते. दोघांची सत्तरी उलटलेली, संसार कधीचाच थाटलेला. लग्नाआधी आम्ही प्रत्येकाला वेगळं बसवून तपशील तपासतो: नाव, जन्मतारीख, आई-वडिलांचं नाव आणि व्यवसाय. आई, इथे २०२१ च्या मे महिन्यापर्यंत विवाहाच्या दाखल्यावर फक्त वडिलांचंच नाव असायचं. त्यातल्या एकाने आईचा व्यवसाय मला दोनदा वाचायला लावला: होजियरीच्या कारखान्यात शिलाई. लेस्टर एकेकाळी मोज्या-बनियनांचं गाव होतं. मग आमच्या निळ्या-काळ्या शाईच्या पेनाने सही करताना त्याचा हात इतका कापत होता, की दुसऱ्याने कागद दाबून धरला. त्यांना कुठल्याही देवळाचा आशीर्वाद नको होता. एक आधी गेला तर दुसऱ्याला पेन्शन मिळावी आणि घर सुटू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आता तुमच्या बाजूचं एक उदाहरण मीच देते. लंडनच्या इस्लिंग्टन भागात लिलियन लडेल नावाची निबंधक होती, श्रद्धाळू ख्रिस्ती. ती निबंधक झाली तेव्हा समलिंगी जोडप्यांची नोंद कायद्यातच नव्हती. २००५ च्या डिसेंबरात ती सुरू झाली आणि ही म्हणाली, मी करणार नाही. भांडत भांडत ती स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेली आणि २०१३ च्या जानेवारीत हरली. मला त्या बाईबद्दल वाईट वाटतं. काही कौन्सिलांनी ड्यूट्या बदलून भागवून घेतलं होतं, तिथेही जमलं असतं. तरी मी निकालाच्या बाजूने आहे. वारसाची नोंद घालायची की नाही, हे तलाठ्याच्या श्रद्धेवर सोडलं तर तुम्हीच पहिले तहसीलदाराकडे धावाल. खुर्ची सरकारची, तिथे आपलं सोवळं न्यायचं नाही. तुमचा पाट मात्र तुमचा आहे. त्यावर कोणासाठी बसायचं ते तुम्ही ठरवा.

"ते इंग्लंड, इथे कुलपं कोण घालणार?" हे तुम्ही म्हणणार, आणि शंका रास्त आहे. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्यात विधी हेच लग्न, सप्तपदी झाली की कायदाही झाला. त्यामुळे धर्म आणि सरकार एकमेकांत अडकलेले आहेत. पण सर्वोच्च न्यायालयातल्या समलिंगी विवाहाच्या खटल्यात काय झालं, ते व्हॉट्सॲपवरच्या व्हिडिओत नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये सुनावणी सुरू होतानाच घटनापीठाने सांगितलं, की आम्ही हिंदू, मुस्लिम वगैरे व्यक्तिगत कायद्यांत शिरणार नाही, फक्त १९५४ चा विशेष विवाह कायदा बघू. म्हणजे रजिस्ट्रारचं टेबल. तिथे तुमचा संबंधच येत नाही. तरीही अखिल भारतीय संत समिती आणि जमियत उलेमा-ए-हिंद दोघंही विरोधात उभे राहिले. एरवी या दोघांचं एकमत कशावर होतं ते मला कळवा. १७ ऑक्टोबरला निकाल लागला. राज्यघटनेने विवाहाचा मूलभूत हक्क दिलेला नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत झालं. जोडप्यांच्या नात्याला मान्यता द्यावी, असं म्हणणारे तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल अल्पमतात गेले. फेरविचाराच्या याचिकाही २०२५ च्या जानेवारीत फेटाळल्या. आता जे करायचं ते संसदेने.

मग काकूंच्या भाच्यापुढे आज काय उरतं बघा. रजिस्ट्रार दारात उभं करत नाही. बँक, हॉस्पिटल, घराचा करार, कुठेच लग्नाचं नातं लागत नाही. मिळण्यासारखं एकच आहे, विधी. म्हणून काकू तुमच्या ओसरीवर आल्या. उद्या वाईच्या नाहीतर पुण्याच्या कचेरीत त्याची नोंद होऊ लागली, तर तुमच्यावरचं ओझं वाढणार नाही, कमीच होईल. जबरदस्ती टाळायची म्हणून ज्या कागदावर तुम्ही सही केलीत, तो कागद लोकांना तुमच्याच दारात ढकलतो.

जबरदस्ती आपल्याकडे पूर्वी उलट्या बाजूने होती. ओतूरला सत्यशोधकांनी भटजी न बोलावता लग्न लावलं, तर जोशीपणाचे हक्कदार दक्षिणेसाठी कोर्टात गेले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोचलं. गुरुजींनी नाही म्हणायचं स्वातंत्र्य आणि यजमानाने गुरुजींना न बोलावायचं स्वातंत्र्य, ही दोन्ही त्या भांडणानंतर एकाच घरात राहायला शिकली. आणि तर्कतीर्थांचं तर तुम्हीच मला सांगितलंत. १९३३ साली पुण्यात गांधीजींचे चिरंजीव देवदास आणि राजाजींच्या लक्ष्मीचं लग्न, मुलगी ब्राह्मण, मुलगा वैश्य, म्हणजे प्रतिलोम. त्याचं पौरोहित्य आपल्या वाईच्या लक्ष्मणशास्त्र्यांनी केलं. तुम्ही तसं करा असं मी म्हणत नाही. त्यांनी स्वतःच्या शास्त्राला विचारून हो म्हटलं, तुम्ही तुमच्या शास्त्राला विचारून नाही म्हटलंत, मला दोन्ही मान्य आहे.

फक्त ती सही काढून घ्या. निवेदन अजून गेलं नसेल तर नाव खोडा. गेलं असेल तर एक ओळ लिहून द्या: "समलिंगी विवाहाचे पौरोहित्य मी करणार नाही, त्यांच्या सरकारी नोंदणीला माझी हरकत नाही." मंडळातले लोक नावं ठेवतील, हे मला माहीत आहे. विधवा काकूंना हळदीकुंकवाला बोलावलंत तेव्हाही ठेवली होती.

आई, मधल्या आळीतल्या काकू चहा घेऊन गेल्या त्यानंतर आल्यात का गं? नसतील तर तूच जाऊन ये, आणि भाच्याचं नाव काढायला बिचकू नकोस.

बाबांनी रक्तदाबाच्या गोळ्या संपायच्या आत आणाव्यात. उत्तर रागाने लिहिलंत तरी चालेल, पण कागदावर लिहा; व्हॉट्सॲपवर हात जोडलेलं चित्र पाठवून मोकळे होऊ नका.

तुमची,
मनू