मधल्या 104 दिवसांचं काय? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी आता दोन वर्षांची आहे. जन्मली तेव्हा तिच्या हृदयाची डावी बाजू वाढलेलीच नव्हती. फुप्फुसांना आणि सगळ्या शरीराला रक्त पोचवायचं काम एकटा उजवा कप्पा करतो. अशा बाळांवर तीन टप्प्यांत शस्त्रक्रिया होतात. पहिली जन्मानंतर काही दिवसांत, दुसरी साधारण चार ते सहा महिन्यांची झाल्यावर आणि तिसरी दोन ते चार वर्षांच्या दरम्यान. तिच्या दोन झाल्या, तिसरीची आम्ही वाट बघतोय. ज्या सर्जननी त्या केल्या त्यांचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत. हे पत्र शस्त्रक्रियांबद्दल नाही. पहिल्या डिस्चार्जपासून दुसऱ्या शस्त्रक्रियेपर्यंतचे 104 दिवस ती आमच्या घरी होती, त्या दिवसांबद्दल आहे.

डिस्चार्जच्या दिवशी आमच्या हातात फाइल दिली, औषधांची यादी दिली आणि नाकातल्या नळीतून दूध कसं द्यायचं ते एकदा दाखवलं. तीन आठवड्यांनी दाखवायला या म्हणाले. बास.

बाळाला एवढंसं काही झालं तर काय होतं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. फुप्फुसांकडे रक्त नेण्यासाठी तिच्या छातीत साडेतीन मिलिमीटरची कृत्रिम नळी बसवली होती. धडधाकट बाळाला दोन उलट्या झाल्या तर आपण पाणी पाजत बसतो. हिच्या अंगातलं पाणी कमी झालं की ती नळी रक्ताच्या गुठळीने बंद पडू शकते. हे मला एका नर्सने जिन्यात उभं राहून सांगितलं, तिची ड्यूटी संपल्यावर.

मग आम्ही वही केली. रोज सकाळी एकाच वेळी, कपडे काढून, वजन. तीन तासांनी दूध, किती मिली गेलं आणि किती उलटलं. औषध 0.3 मिली, एकाने सिरिंजमध्ये भरायचं आणि दुसऱ्याने उजेडात धरून तपासायचं. सॅच्युरेशनचा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी मोजणारा सेन्सर तिच्या पावलाला चिकटवून वर मोजा चढवायचो, नाहीतर ती लाथा मारून काढून टाकायची. रात्री अंधारात त्या मोज्यातून लाल उजेड दिसायचा. मी झोपेतून उठून आधी तो बघायचे. आमचा सहा वर्षांचा मुलगा शाळेतून आला की दप्तर ठेवायच्या आधी विचारायचा, "आज किती आहे?"

ऑक्सिमीटर आणि ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा आम्ही स्वतः विकत घेतला. आम्हाला जमलं. ज्यांना जमत नाही त्यांची बाळं कुणाच्या भरवशावर असतात?

47व्या रात्री आकडा 68 वर आला. रुग्णालयात फोन लावला. ऑपरेटर, मग वॉर्ड, मग परत ऑपरेटर. शेवटी जे डॉक्टर बोलले त्यांना ती कोण हे माहीत नव्हतं. आम्ही तिला घेऊन जवळच्या रुग्णालयात धावलो. तिथे पोचेपर्यंत आकडा 78 झाला होता, म्हणजे तिच्यासाठी योग्य. तिथल्या डॉक्टरांनी 78 बघितला आणि जोरात ऑक्सिजन सुरू करायला घेतला. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, दुसऱ्या कुठल्याही बाळाला तेच करायला हवं होतं. पण या बाळांना जास्त ऑक्सिजन दिला तर रक्त फुप्फुसांकडेच धावतं आणि बाकीच्या शरीराला कमी पडतं. हे मी, रात्री अडीच वाजता, घरच्या कपड्यांत, डॉक्टरांना समजावत होते. त्यांनी ऐकलं. नसतं ऐकलं तर?

मंत्रिमहोदय, यावरचा उपाय नवा नाही. अमेरिकेत मिलवॉकीच्या बालरुग्णालयाने 2000 साली अशा बाळांच्या घरी ऑक्सिमीटर आणि वजनकाटा द्यायला सुरुवात केली. नियम साधे होते. सॅच्युरेशन ठरवलेल्या आकड्याखाली गेलं, एका दिवसात 30 ग्रॅम वजन घटलं किंवा तीन दिवसांत 20 ग्रॅमही वाढलं नाही, तर लगेच फोन करायचा. त्याआधी त्यांच्याकडची 57 पैकी 9 बाळं याच मधल्या काळात दगावली होती. घरी देखरेख सुरू केल्यावर पहिल्या 24 बाळांपैकी एकही दगावलं नाही. संख्या लहान आहे, मला कळतं. पण त्या 24 घरांना ती लहान वाटली नसेल.

म्हणून माझी मागणी आहे. ही दोन उपकरणं डिस्चार्जच्या वेळीच द्या, दुसरी शस्त्रक्रिया झाली की परत घ्या. एक फोन नंबर द्या, जो दिवसरात्र हृदयविभागातली माहीतगार नर्स उचलेल. आणि एक कार्ड द्या, ज्यावर ठळक लिहिलेलं असेल: या बाळाचं सॅच्युरेशन 75 ते 85 हेच योग्य, तज्ज्ञांना विचारल्याशिवाय ऑक्सिजन वाढवू नका. कार्डाला तर फक्त कागद लागतो. ते या महिन्यातही निघू शकेल.

आई किंवा वडील, दोघांपैकी एकाला या काळात भरपगारी रजा मिळायला हवी, हेही लिहून ठेवते. तिच्या वडिलांची नोकरी त्या महिन्यांत गेली.

सोबत 47व्या रात्रीच्या पानाची प्रत जोडली आहे. अक्षर वाईट आहे, एका हातात बाळ होतं. आपल्या खात्यातल्या बालहृदयरोगाची माहिती असलेल्या अधिकाऱ्यांना ते दाखवावं. ते बोलावतील त्या दिवशी मी पूर्ण वही घेऊन येईन.

आपली,
एक आई