आधी जनावरांचं सांगा, मग आम्ही निघतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की आमच्या सांगलीवाडीत दुसरा विषय नसतो. सकाळी चहाच्या आधी मोबाईलवर आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती फूट ते बघायचं, ४० ला इशारा, ४५ ला धोका, शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. आणि दर पुरात तुमच्यासकट सगळ्या पेपरांत एक बातमी ठरलेली, की वारंवार सूचना देऊनही नागरिक घर सोडायला तयार नाहीत. ती वाचली की मला राग येतो म्हणून आज लिहायला बसले. आम्ही हट्टी नाही ओ, आमच्या दावणीला कोण बांधलंय ते कुणी विचारतच नाही.

ऑगस्ट २०१९ चं सांगते. २००५ चं पाणी कुठवर आलेलं त्याची खूण भिंतीवर होती, त्याच्या वर काय येत नाही असं सगळेच म्हणत होते, आम्हीपण, आणि ते साडेसत्तावन्न फुटांवर गेलं. घरात दोन म्हशी, एक रेडकू, आणि टिप्या. टिप्या म्हणजे गावठी कुत्रंच, आत्याबाईंनी (माझ्या सासूबाई) बाजारातनं पिशवीत घालून आणलेलं पिल्लू. एक म्हस आणि रेडकू मिस्टरांनी वेळेत पाहुण्यांच्या मळ्यात पोचवलं, पण दुसरी गाभण होती, ती काही केल्या पाण्यात पाय टाकेना, म्हटलं राहू दे, गोठा उंचावर आहे.

रात्रीत गोठ्यात पोटाला लागेल एवढं पाणी. नायलॉनचं दावं भिजून गाठ अशी आवळलेली की सुटता सुटेना, विळी सगळ्या भांड्याकुंड्यांबरोबर माडीवर, मी ती अंधारात शोधून दिली आणि त्यांनी दावं कापलं. म्हस बाहेर गेली, घराला वळसा घातला आणि परत गोठ्याच्या दारात येऊन उभी! तिला तेवढीच जागा माहीत. जिला कधी फोक लावला नव्हता तिला मग काठीनं हाणून हाणून हाकलावं लागलं. ती परत मिळाली नाही. पंचनाम्याला आले तेव्हा मढं कुठाय म्हणाले, आता वाहून गेलेल्या म्हशीचं मढं आम्ही कुठनं आणायचं? दुभत्या जनावराला तेव्हा ३० हजार मदत होती, नंतर साडेसदतीस केली म्हणे, चांगलंय, पण आम्हाला काहीच मिळालं नाही. आणि खरं सांगू का, मिस्टर आजही पैशाचं बोलत नाहीत, त्या काठीचं बोलतात.

दुसऱ्या दिवशी बोट आली. पोरं चांगली होती, पण फक्त माणसं म्हणाली. त्यांचंही चुकलं नाही, त्याच दिवसांत ब्रह्मनाळला जास्त माणसं भरल्यामुळं बोट उलटून केवढी माणसं गेली. पण आत्याबाई टिप्याला मांडीवर घेऊन जिन्यात बसल्या, ‘तुम्ही जावा, मी हितंच बसते.’ मी ओरडले त्यांच्यावर, कुत्र्यापायी जीव देता का म्हणून, नको ते बोलले. शेवटी त्यांनी टिप्याला गोधडीत गुंडाळलं आणि बोचकं म्हणून काखेत धरून बोटीत बसल्या. बोचक्यातनं शेपूट हलत होती. बोटीवरच्या पोरानं बघितली आणि तोंड फिरवलं, त्याचं भलं होवो. पुढं कॅम्पच्या शाळेत कुत्रं वर्गात चालणार नाही म्हणाले, मग सत्तरीला टेकलेली बाई पाच रात्री व्हरांड्यात झोपली.

म्हशीवाल्यांना हे नवीन नाही. आमची म्हस आत्याबाईंच्या हाताशिवाय पान्हा सोडायची नाही, त्या लग्नाला गेल्या की आमच्या घरात चहा काळा. पोरानं मला मोबाईलवर दाखवलं, की जपानी शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये शोधलंय, कुत्रं आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही अंगात ऑक्सिटोसिन वाढतं, म्हणजे ज्यानं पान्हा सुटतो तेच! मी आत्याबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, त्यात शोधायचं काय.

आता मुद्द्याचं. अमेरिकेत २००५ मध्ये कतरिना वादळ आलं तेव्हा कुत्र्यामांजरांपायी कितीतरी माणसं घरातच थांबून राहिली, बोटीत आणि कॅम्पात जनावरं घेत नव्हते. पुढच्याच वर्षी तिथं कायदा झाला की आपत्तीच्या प्लॅनमध्ये पाळीव प्राणीपण धरायचे. म्हणजे आत्याबाई काही जगावेगळ्या नाहीत. आणि आमची कृष्णा काही एका तासात येत नाही, कोयनेतनं किती क्युसेक सोडलं ते आदल्या दिवशी कळतं, वेळ हातात असतो. तो आम्ही जनावरं कुठं न्यायची हे फोनवर पाहुण्यांना विचारण्यात घालवतो, आणि ज्याला पाहुणे नाहीत तो बसतो पाणी बघत. छावणी उघडतात, नाही असं नाही, पण कधी, तर पाणी गोठ्यात शिरल्यावर, आणि तोवर रस्ता बंद. टेम्पो ३५ फुटांनाच यायला पाहिजे, ४५ ला येऊन काय उपयोग?

तुम्हाला एकच विनंती. दर वर्षी फुटांचा तक्ता छापता ना, त्याच्याशेजारी जूनमध्येच छापा की कुठल्या गल्लीतली जनावरं कुठल्या छावणीत, चारा कोण देणार, टेम्पोसाठी कुणाला फोन करायचा. अधिकाऱ्यांना विचारून छापा, तुमचा फोन ते उचलतात, आमचा नाही. आणि कॅम्पात कुत्रं घेणार का तेवढं स्पष्ट लिहा. टिप्या आता म्हातारा झालाय, एका डोळ्यानं कमी दिसतंय, पण आत्याबाई पहिलं तेच विचारणार आहेत.

आपली,
एक वाचक, सांगलीवाडी